शून्य ओहोटीला दिसतं

वेंगुर्ल्याच्या मच्छीमार सोसायटीत
आलेख काढायचं काम माझ्याकडे आलं,
कारण माझं अक्षर बरं आहे
आणि कॉम्प्युटरला बाकी कुणी हात लावत नाही.
आठ वर्षांच्या पावत्या. काहींना अजून खवले चिकटलेले.

चेअरमन खवणेकर खुर्चीमागे येऊन उभे राहिले.
"शून्यापासून कित्या? चारशेपासून सुरू कर.
मगे बघ, कसो कडो कोसळल्यासारखो दिसतलो.
सायबाक घाम फुटतलो."

काढून बघितला.
पाचशे ऐंशी टन बांगडा, आता चारशे नव्वद.
सहाव्या हिश्शाची घट,
पण कागदावर दांडी थेट निम्मी.
मलाच क्षणभर रडू आलं,
मग कळलं, रडवलं कुणी ते.

जेटीच्या खांबावर फूट रंगवलेत.
भरतीला वरचे तीनच आकडे दिसतात,
पाहुणा म्हणतो, केवढासा हा खांब.
ओहोटी लागली की उघडा पडतो
कालवं चिकटलेला पाय
आणि चिखलात रुतलेलं शून्य.
घरी जाताना मी तिथे थोडी थांबले.
सकाळी कागद पुन्हा घेतला.

खजिनदारांचा पुतण्या प्रणय
कोल्हापुराहून डिझाइन शिकून आलेला.
म्हणाला, दांड्या रुक्ष वाटतात, बांगडे काढू,
जास्त वर्षाला उंच बांगडा.
पण बांगडा उंच झाला की पोटानंही सुटतो.
दुप्पट उंचीचा कढईत चौपट जागा खातो.
विचारा तारामती मेतरला,
नजरेनं वाटे लावते, तराजू कधीचा गंजलाय तिचा.

सभेत मी साध्या दांड्या लावल्या, शून्यावर उभ्या.
शेवटची जराशी बुटकी.
"येवढीच?" मागून आवाज आला.
"मगे आमी काय खोटारडे?"

कागद खरा होता. समोरची माणसंही खरी होती.
माझ्या हातात पट्टी, आणि तोंडाला कोरड.

बाबल्या तांडेल, रापणीतला जुना माणूस,
उठलाही नाही. बसूनच म्हणाला,
"पयले सकाळी जावन दुपारी येवचे.
आता दोन राती."

सभा रविवारवर तहकूब झाली.
मी कपाट उघडलं, डिझेलच्या पावत्या काढल्या.
टन सोडून दिले.
एका लिटरमागे किलो किती, एवढंच विचारलं.
दोन किलो.
मग दीड.
मग एक.
यंदा आठशे ग्रॅम.
पुन्हा शून्यापासूनच काढला,
आणि रेघ आपल्या पायांनी उतरली,
तिला मागून ढकलावं लागलं नाही.

त्याच्या खाली दुसरा आलेख, चढता:
बंदरातली मोठी इंजिनं.
त्यातली दोन खवणेकरांची.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"ह्यो खालचो व्हयोच?"
"व्हयो," मी म्हटलं,
आणि पगार कधी होतो ते आठवून घेतलं.

एक गोष्ट राहिली.
वादळाच्या वर्षी रजिस्टर भिजलं,
शाईचा नुसता निळा चिखल.
प्रणय म्हणाला, अलीकडचा ठिपका पलीकडच्याला जोड,
कुणाला कळणार नाही.
खरंच कळलं नसतं.
मी रेघ तोडली, फट तशीच ठेवली,
खाली बारीक अक्षरात लिहिलं: नोंद नाही.

रविवारी रेघ बघून कुणी ओरडलं नाही.
ठराव झाला की नाही ते इतिवृत्तात आहे.
मी खुर्च्या रचत होते
तेव्हा विलास कुबल भिंतीपाशी एकटाच,
त्या फटीवर बोट ठेवून.
त्याची बोट त्याच वर्षी गेली, भावासकट.
"हंय आसा तो," म्हणाला,
मला की भिंतीला, कळलं नाही.

कागद तिथेच राहू दिला.
खाऱ्या वाऱ्यानं चिकटपट्टी सुटत होती,
चारही कोपरे
अंगठ्यानं पुन्हा दाबले.