फ्रिजचा प्लग

ब्येन बाईंकडे शिकवणीला गेलं की
पहिलं काम, फ्रिजचा प्लग काढणं.
मग भिंतीवरचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून न्हाणीघरात.
मग खिडकी. खाली सुझोऊचा कालवा,
कालव्यात पर्यटकांची नाव, नावेत एक भोंगेवाला.
एवढं झालं की बाई म्हणत,
"हं. बसा आता."

गुछिनचा आवाजच मुळात भिडस्त.
सात रेशमी तारा, एक लांबट लाकूड,
पलीकडच्या काठावर शिंपल्याचे तेरा ठिपके.
शेजारच्या कढईत लसूण पडला
तरी विरून जाईल असा.

लाकूड पालथं घातलं तर
पाठीवर सुरीचे वार दिसतात.
असली वाद्यं चौकात आणून जाळत, त्या वर्षांत
वडिलांनी तारा काढल्या, तळाच्या फटी
भाताच्या खळीनं लिंपल्या,
आणि स्वयंपाकघरात ठेवून दिलं, भाजीचा पाट म्हणून.
आईनं नऊ वर्षं त्यावर कमळकाकडी चिरली.
डुगडुगायचं, म्हणतात बाई,
पोट गोल ना त्याचं.
आई शिव्या घालायची, पण हळू आवाजात.

बाई तेव्हा रेशीम गिरणीत.
उकळत्या पाण्यातल्या कोषांत बोटं घालून
धाग्याचं टोक शोधायचं,
दिवसाला किती टोकं, याचा फळ्यावर हिशोब.
त्या बोटांची कातडी अजून
पावसात भिजलेल्या कागदासारखी.
"मला तार नवी नव्हती," एकदा म्हणाल्या,
"तिला मी उघडी असताना पाहिलंय."

मी बस डेपोत वेळापत्रकं करणारा माणूस.
सात अठ्ठावीस म्हणजे सात अठ्ठावीस.
इथली लिपी सगळं सांगते:
कुठलं बोट, कुठली तार, कितवा ठिपका,
आत ओढायची की बाहेर सारायची.
किती वेळ, तेवढं लिहिलेलंच नाही.
पहिलं वर्षभर मला ते सोसलं नाही.
मी पेन्सिलनं वहीत सेकंद मांडत असे.
बाईंनी ती पानं पाहिली,
खोडली नाहीत,
केरसुणीच्या दांड्याला गुंडाळायला कामी आली.

मागल्या थंडीपासून बाईंना ऐकू येत नाही.
त्या आता समोर बसत नाहीत,
बाजूला बसतात, टेबलाच्या कडेबाहेर
लाकडाचं जे टोक येतं, त्याच्याखाली हात घालतात,
तळवा त्या वारांवर.
"चौथी उतरलीय," म्हणतात.
खरंच उतरलेली असते.
तरी प्लग काढायचाच.
मी एकदा विचारणार होतो, नाही विचारलं.

एका मंगळवारी मी प्लग परत लावायला विसरलो.
शेनझेनहून मुलगा यायचा होता, त्याच्यासाठी वळलेले
करंजीएवढे साठ वोनतोन फ्रीजरमध्ये विरघळून एक झाले.
मुलगा ओरडला, मग फ्लॅट विकण्याबद्दल बोलला,
मग पुन्हा वोनतोनबद्दल.
बाई दोन्हीला एकसारखी मान डोलवत होत्या.
त्या गोळ्याच्या त्यांनी भाकऱ्या थापल्या.
वाईट नव्हत्या.

परवा मात्र त्या स्वतः वाजवायला बसल्या.
एकच तार छेडली.
डावा अंगठा तारेवरून सरकत गेला,
सातव्या ठिपक्यापासून नवव्यापर्यंत,
आवाज आठव्याच्या आसपास संपला,
अंगठा संपला नाही.
तिथून पुढं बाईंना जेवढं ऐकू येत होतं
तेवढंच मलाही.
मी मोजलं नाही. म्हणजे, मोजायला लागलो होतो,
कुठेतरी सुटलं.

निघताना आठवणीनं प्लग लावला.
फ्रिज गुरगुरला, जुनाच आहे,
जमीन धरून टेबलापर्यंत पोचतो.
बाईंचा तळवा अजून लाकडाखालीच होता.
त्यांनी भुवया उंचावल्या, जरा वाकून
माझ्यामागे दाराकडे पाहिलं.
"हा कोण वाजवतोय?" त्यांनी विचारलं.
"बरा आहे. घाई करतो, पण बरा आहे."