स्थानिक नाव

जाळी पहाटे साडेपाचला उघडायची,
मग दर वीस मिनिटांनी फेरी.
माझ्याकडे वही. बाबू शेकियोंडोंच्या खांद्यावर
नाडी ओढलेल्या कापडी पिशव्या,
आतली धडधड बाहेरून दिसते.

उसांबाराच्या डोंगरात
रंगीत पाखरं ओळखायला अक्कल लागत नाही.
लाल छातीचा सूर्यपक्षी चहामळ्यातली पोरंसुद्धा सांगतात.
खरा घोळ या बुलबुलांचा.
एक शेवाळी, दुसरा थोडा जास्त शेवाळी,
तिसऱ्याच्या डोळ्याभोवतीचं कडं राखाडी की पिवळट,
हे ढग अंगणात उतरल्यावर कुणी ठरवायचं?
मी पंख मोजते, शेपूट मोजते, पुस्तक उघडते.
पुस्तकही आता दमटून शेवाळी झालंय.

बाबू पिशवी न उघडता नाव सांगतात.
कशावरून?
"जाळ्यातून सोडवताना चावतो कसा, त्यावरून."
बोटाला खरंच रक्त असतं.

आमच्याकडे पाखराला न्देगे म्हणतात,
विमानालाही न्देगेच.
तेवढ्यात ज्यांचं भागतं ते सुखी.
वहीत मात्र सात रकाने,
आणि शेवटचा : स्थानिक नाव.

माझ्याआधी इथं एक परदेशी विद्यार्थी लिहायचा.
अक्षर सुबक, घाई फार.
त्यानं अकरा ठिकाणी लिहिलंय : सिजुई.
मी पोट धरून हसले.
सिजुई म्हणजे, मला माहीत नाही.
त्यानं विचारलं असणार,
म्हाताऱ्यानं खरं ते सांगितलं असणार,
आणि त्यानं ते नाव समजून टिपलं असणार.
घरी जाऊन बहिणीलाही सांगितलं. तीही हसली.

मग धुक्यानं जाळी बंद ठेवलेल्या एका दिवशी
उगाच त्या अकरा ओळी शेजारी शेजारी मांडल्या.
पंख पंच्याहत्तर, शहात्तर, पुन्हा पंच्याहत्तर.
वजन चोवीसच्या आगेमागे.
अकराच्या अकरा एकच जात.

माहीत नसलेली पाखरं अशी एका मापाची नसतात.
न कळणं इतकं शिस्तीत येत नाही.

बाबूंना विचारलं, तर त्यांनी नाडीची गाठ तपासली.
सांगितलं ते मामा तुनूनं, कसावा सोलता सोलता :
यांचा धाकटा भाऊ. दिवसभर बडबड,
म्हणून घरात त्याला त्याच पाखराच्या नावानं हाक.
घायपाताच्या मळ्यावर कामाला गेला, खाली, टांगाकडे.
एवढंच.
ते नाव काय, हे तीही बोलली नाही.
सालं गोळा करून शेळीपुढे टाकली.

आज नऊ नंबरच्या जाळ्यात एक होता.
पायात जुनी कडी,
आकडे झिजलेले, मधला तीन की आठ कळेना.
बाबूंनी पिशवी माझ्या हातात दिली
आणि तोंडानं काहीच सांगितलं नाही.
मी मोजलं. पंच्याहत्तर.
सहा रकाने भरले.
पेन सातव्यावर थांबलं, तेव्हा ते दुसरीकडे बघत होते,
जिकडे बघण्यासारखं काही नव्हतं.
मी लिहिलं : सिजुई.
शक्य तितक्या सुबक अक्षरात.

सोडला, तसा तो समोरच्या झुडपात घुसला
आणि बोलत सुटला, थांबेचना.
बाबू रिकामी पिशवी उलटी करून झटकत राहिले,
झटकून झाल्यावरही.