चौदा ग्लास

एसटी पार्सलाने बादली आली दापोलीवरून.
झाकण काढलं तर शेजारची मेहरुन म्हणाली,
ताडगोळे काय गो, एवढे सोललेले?
आणि खरंच, बोट घातलं तर तसंच:
गार, बुळबुळीत, आरपार.
जेल मेण. पाच किलो. बादलीवर लिहिलेलं:
विस्तवाजवळ ठेवू नये.
मग काय कपाटात ठेवू?

आधी समईचा कापूस वळून वात केली.
ती दोन मिनिटं जळली
आणि आपल्याच तळ्यात बुडाली.
मग जस्ताचा गाभा असलेल्या वाती मागवल्या,
खाली पत्र्याची टिकली, अंगाने ताठ,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलींसारख्या.
त्या मधोमध धरायला
नव्या केरसुणीचा हीर, ग्लासच्या काठावर आडवा.

थर्मामीटर ह्यांच्या कॅनिंगमधला.
कितीही धुवा, आमरसाचा वास जात नाही.
पंच्याण्णवला जेल वाहू लागतं.
एकशे दहाच्या पुढे नेलं की धुमसतं,
मग गॅस बंद करून गप्प उभं राहायचं.
पाण्याचा थेंब नको. पदर खोचलेला हवा.
मोगऱ्याचं अत्तर टाकलं तर सगळं दुधाळलं,
त्या दिवशी बाराशे रुपये
मी पायरीवर बसून बघत राहिले.

ढवळायचं तेही सावकाश.
प्रत्येक बुडबुडा म्हणजे आपली एकेक घाई,
काचेत राहून जाते.
ग्लास आधी उन्हात तापवून,
चोचीच्या जगातून, तिरका धरून,
आजाऱ्याला पेज पाजतात तसं ओतायचं.

वाळू कढईत भाजून घेतलेली.
शिंपले आदल्या रविवारच्या तिसऱ्यांचे,
उकळून, घासून, तीन दिवस कौलांवर.
तरी जेलमध्ये आधी एकदा बुचकळायचे,
म्हणजे त्यांच्या पोटातली जुनी हवा
वर येऊन सुटते.

रिसॉर्टच्या परांजप्यांना चौदा हवे होते.
समुद्र दिसला पाहिजे वहिनी, म्हणाले,
पण बुडबुडे नकोत.
मी म्हटलं, समुद्राला सांगून बघते.

न्यायला यायच्या आदल्या दिवशी वादळ आलं.

केळशीत एक खांब उभा राहिला नाही.
पोफळी झोपल्या, एकीवर एक, ओळीने.
तेवीस दिवस लाइट नाही,
दुकानातली काडेपेटीसुद्धा ओली.
पहिला ग्लास मेहरुनकडे गेला,
सुनेला तिसरा दिवस होता बाळंत होऊन.
दुसरा पोस्टाच्या व्हरांड्यात.
मग मी मोजायचं सोडलं,
कोणी दारात उभं राहिलं की द्यायचा एक.
मेहरुन सांगते, त्या पोराने जगात पहिल्यांदा
टक लावून पाहिलं ते आईकडे नाही,
पेटलेल्या वाळूतल्या तिसरीकडे.
खाणारा निघणार, बघ.

ग्लास परत आले. मी मागितले नव्हते.
राखेने घासलेले, तळाशी थोडे चिकट,
आणि रिकामा एकही नाही.
एकात आगळ, एकात सुकट,
एकात खारवलेल्या मिरच्या,
एकात पोस्टातल्या भाऊंनी
जुन्या तिकिटांची पुरचुंडी घालून दिली, का कोण जाणे.

धोंडू गुरव मात्र ग्लास हातात देऊन थांबला.
आत माझेच शिंपले, माझीच वाळू,
धुऊन वाळवलेली.
म्हणाला, घरात दुसरं काही उरलं नाही.
मी तो तसाच फळीवर ठेवला.

तेरा झाले. चौदावा कुठे आहे
मला ठाऊक आहे. त्या घरावर
अजून छप्पर नाही. विचारत नाही.

परांजप्यांचा काल फोन आला,
दिवाळीला वीस मिळतील का.
बादलीत जेमतेम बोटभर जेल उरलंय,
वर मुंग्या चढल्यात.
मी चमच्याने एकेक बाजूला काढत होते,
म्हटलं, जरा थांबा, हात गुंतलेत.