काळी दोन

किंग्स्टनमध्ये पियानो जुळवणं
म्हणजे समुद्राशी भांडण.
मंगळवारी ताणलेली तार
शुक्रवारपर्यंत खाऱ्या वाऱ्याला फितूर.
एकोणतीस वर्षं मी हे भांडण
लॅसेल्स ब्रॅमरच्या पैशांवर भांडलो,
ब्रेडफ्रूटच्या झाडामागच्या त्या पत्र्याच्या खोलीत,
जिच्या भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकल्या होत्या.

पहिल्याच दिवशी म्हणाला,
"एव्हराल्ड, सगळं लाव.
मधली काळी दोन तेवढी राहू दे."
केसभर उतरलेली होती ती.
केसभरच, पण माझ्या कानात कुसळासारखी.
का, ते विचारलं नाही.
मला तासाचे पैसे मिळत, प्रश्नांचे नाही.

आज त्याची नववी रात्र.
गल्लीभर ताडपत्री, तळलेली मासळी, पांढरी रम,
डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटतायत
आणि ज्याच्या-त्याच्याकडे आपापला ब्रॅमर आहे.

चर्चमधली सिस्टर आयोनी म्हणते, देवमाणूस.
आम्हाला चपला काढून गायला लावलं त्याने,
फळीवरचे अनवाणी पाय
ड्रमच्या वर ऐकू येतात अजून.
बेसवाला कटी म्हणतो, चोर.
एक पॅटी आणि वीस डॉलर हातावर ठेवले,
आणि माझी ती चाल आज
कुठल्या कुठल्या देशात साबण विकते.
मँचेस्टरहून आलेला टकला,
एके काळी म्हणे त्याच्या कानात सेफ्टी पिना होत्या:
तीन कॉर्ड घेऊन आलो होतो मी,
दोन त्याने काढून घेतल्या.
उरलेल्या एकीवर माझं घर उभं आहे.
ब्रॉन्क्सचा पोरगा हसतो नुसता.
चार सेकंद उचलली होती त्याची,
चार वर्षं वकिलांना दिली.
तरी आलास?
तरी आलो.

एक प्राध्यापक आहेत, वही घेऊन फिरतायत.
ब्रॅमरच्या संगीतातली पोकळी, म्हणतात,
वसाहतीचा इतिहास की काय ते.
"तुम्ही तर तिथेच असायचात."
असायचो, मंगळवारी सकाळी,
जेव्हा कुणीच गात नसतं.

मग ती कोलोनची मुलगी, आनेग्रेट,
ब्रॅमरने काम थांबवलं त्यानंतर जन्मलेली,
वाद्य नाही, गाणारं कुणी नाही, सगळं यंत्रातलं,
फोन माझ्या कानाशी धरते.
ठोके. ठोके. धुकं.
आणि त्या धुक्यात, अरे,
केसभर उतरलेली
माझी काळी दोन.
म्हणते, जुन्या रेकॉर्डवरून घेतलाय हा सूर,
यंत्राला यानेच श्वास दिला.
सिस्टर आयोनी त्यालाच विलाप म्हणते,
कटी म्हणतो, तो बेसचाच भास.
मी माशाचा काटा काढत बसतो.

गेल्या वर्षी हॉस्पिटलात
शेवटी विचारलंच मी त्याला,
ती काळी दोन, ती का?
बराच वेळ छताकडे बघत राहिला.
"कुठली काळी दोन?"

आता हे कुणाला सांगू?
तीही सरकायचीच ना, समुद्र काय तिला सोडतो?
दर मंगळवारी तिला उचलून
नेमक्या तेवढ्याच चुकीवर आणून ठेवायचो.
बिघाड टिकवायचा तरी हात लागतो.
तो हात कुठल्याच कव्हरवर छापलेला नाही,
आणि छापा असंही नाही.
पण आज रम जरा जास्त झाली आहे.

उद्या संग्रहालयाचा ट्रक येतोय.
कागद दाखवला मला एका बाईने:
पट्ट्या अठ्ठ्याऐंशी, सर्व सुरात, सहीसाठी जागा.
किल्ली खिशात आहे.
खोलीत मोठा दिवा लावलाय कुणीतरी,
पियानोवर फुलं, बशा, एक भिजलेली टोपी.
खारं वारं सुटलंय.
ही फुलं आधी उचलायला हवीत,
पाणी ठिबकतंय आत.