साच्यातला उंदीर

जुन्या बाजारात, बुधवारी,
कुलपं-किल्ल्यांच्या ढिगात सापडला:
सुपारीएवढा उंदीर,
शेपूट पोटाशी घेऊन झोपलेला.
हमीदभाई म्हणाले, बटन असेल. साठ द्या.

पोटाला दोन भोकं.
किमोनोला खिसे नसतात; दोरी ओवून
कमरेला अडकवायचं ते हे नेत्सुके,
एवढं मला वाचून ठाऊक.

प्रभात रोडच्या वर्तक डॉक्टरांकडे
असे एकोणचाळीस, मखमलीवर,
कवळ्यांच्या कपाटात.
त्यांनी भिंग लावलं.
"साच्यातला आहे हो. ही बघा सांध्याची रेघ."

बरं, म्हटलं.

पीएमटीत बसून पिनेनं भोक कोरलं
तर आतून निघाला काळा दोरा,
करदोट्याचा,
मळून कडक झालेला.
आणि उंदराचा एक डोळा
कुणीतरी इवल्या अंगठ्यानं
पार पुसून टाकलेला.