गोत्तिल्ला

नागरत्नानं आणला होता तुकडा,
पेरभर लांब, दोन पानांचा,
ओल्या पेपरात गुंडाळून, डब्याच्या पिशवीतून,
ड्युटीवरून येताना.
मी विचारलं, नाव काय गं ह्याचं?
ती म्हणाली, हेसरु गोत्तिल्ला.
नाव ठाऊक नाही, एवढंच सांगत होती बिचारी.
मी तेच नाव धरलं.
आता सगळी गल्ली विचारते,
गोत्तिल्लाला पाणी घातलंस काय?

वर चढत नाही तो.
जमिनीलगत सरकतो, कोपर टेकत टेकत,
पेर टेकेल तिथं मूळ सोडतो
आणि पुढं बघतो.
पान म्हणजे तळहात. हिरवा,
मधल्या शिरेपासून दोन्हीकडं लाल रेघा
अशा एकसारख्या ओढलेल्या
की आमच्या ह्यांनी पहिल्यांदा बघितलं
तेव्हा चष्मा पुसला आणि मोजल्या.
एका बाजूला सात. दुसऱ्या बाजूला आठ.
"चुकलंय," म्हणाले, "एक तार जास्त आलीय."

ह्यांना ऐकू येत नाही.
तीस वर्षं चार मागांच्या मधे उभं राहिल्यावर
वडगावात कुणाला येतं?
जेवायला हाक मारायची म्हणजे
कांड्या भरायच्या सोडून मी उठायचे,
दाराशी जाऊन दिवा दोनदा बंद-चालू करायचे.
हेस्कॉमवाल्यांनी तेच केलं
की हे हात धुऊन पाटावर येऊन बसायचे,
आणि भात अजून गॅसवर.

मग गोत्तिल्ला खिडकीत ठेवला, रंगाच्या डब्यात,
मागाच्या उजव्या अंगाला.
येळ्ळूरच्या बाजूचा उजेड गेला
की त्याची पानं उठतात.
जोडीनं, देठाशी वाकून,
जांभळी पाठ दाखवत
उभी राहतात.
नागरत्ना म्हणायची, प्रार्थना करतंय.
मला तसं वाटत नाही.
दिवसभर कांड्या भरून
संध्याकाळी मी बोटं अशीच एकमेकांवर दाबते,
त्याला कुणी प्रार्थना म्हणत नाही.

ह्यांनी ते बघितलं आणि माग थांबवला.
दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही.
दिव्याची खूण मी सोडून दिली.

दिवाळी झाल्यावर ह्यांनी चौकटीचा कागद काढला.
पान शेजारी ठेवून घरं भरली,
लाल, मोकळं, लाल,
एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला आठच.
मी बोटांनी म्हटलं, सरळ करा की ते.
त्यांनी मान हलवली.
काठात पान उतरलं. एकच साडी.
शहापुरातल्या शेटनं दोन बोटांत धरून बघितली.
"काठ पळालाय बघा एकीकडं.
रुईफूल आणा, कोयरी आणा.
हे काय म्हणून विकू मी?"
ह्यांनी त्याचे ओठ वाचले
आणि बहिरी माणसं बोलतात तसं, मोठ्यानं,
दुकानभर सांगितलं:
गोत्तिल्ला!
शेट कानडी. तो म्हणाला,
ठाऊक नाही तर विणलं कशाला?

साडी नागरत्नानं घेतली. सुताचे तेवढे पैसे दिले.
फेब्रुवारीत तिची रायबागला बदली झाली.
जाताना मलाच विचारलं,
त्या झाडाचा एक तुकडा देशील काय?
तिच्याकडचं कधीच वाळलं होतं.
दिला, पेरभर, ओल्या पेपरात.

मोटर जळून अकरा दिवस झाले.
माग गप आहे. मला माझ्याच पायांचा आवाज येतो,
ह्यांना तोही येत नाही.
गोत्तिल्ला खिडकीतून लोंबत लोंबत
मागाच्या पायापर्यंत गेलाय.
तिथं सुताची भुकटी साचलेली, तेलकट, बोटभर.
आज झाडताना बघितलं,
त्या भुकटीत त्यानं मूळ सोडलंय, पांढरं.
केरसुणी जरा लांबूनच फिरवली.

सांजेला पानं उठली.
हे खुर्चीतून उठले, मागाजवळ गेले,
बंदच असलेलं बटण
खाली दाबलं,
आणि हात धुवायला गेले.