वीज वाचवण्यासाठी

रात्री सव्वाअकराला, हंबरच्या मुखावर,
ऑटोपायलट सोडला, काठी हातात घेतली
आणि काठी गेली.

गेली म्हणजे होती हातातच.
डावीकडे कलती केली : विमान सरळ.
मागे ओढली : विमान सरळ,
समजूत घालायला जावं आणि माणूस भिंतीकडे बघत बसावा तसं.
समोर ग्रिम्सबीचे दिवे, त्यांत कुठेतरी माझं घर,
घरात जिन्याखालच्या कोनाड्यात मी,
आणि त्या माझ्यावर हा मी
मिनिटाला पाचशे फूट उतरत.

पॉज.

केबल उपसली, फुंकर मारली, पुन्हा खुपसली.
टुण् झालं. काठी हलली, पंख हलले.
बरी झाली, म्हणालो,
दवाखान्याच्या दारात नातेवाईक म्हणतात तितक्या घाईने.

दुसऱ्या रात्री पुन्हा, तिथेच.
दुसरं पोर्ट. दुसरी केबल. नवा ड्रायव्हर, मग जुना ड्रायव्हर.
कॅलिब्रेशनच्या चौकटीत अधिकचं चिन्ह
मधोमध, खिळा ठोकल्यासारखं.
हर्षदा म्हणाली, दिवसभर फोर्कलिफ्ट चालवतोस,
तिलाही काठीच आहे ना?
आहे. उणे बावीसमध्ये, तीन थरांच्या हातमोज्यातूनही
ती एका बोटाचं ऐकते.
गोठलेल्या कॉडचे खोके उचलते, ठेवते.
पण तिची झेप चौथ्या फळीपर्यंत.

शनिवारी शेजारचा टेरेन्स ऑलर्टन आला,
आइसलंडकडे जाणाऱ्या ट्रॉलरवर बावीस वर्षं वायरलेस सांभाळलेला,
तंबाखूच्या डबीत बारके स्क्रूड्रायव्हर घेऊन.
काठीचं पोट उघडलं.
स्प्रिंग, चार तारा, दोन पोटेन्शिओमीटर,
आणि एक पोहा.
चिमट्यात धरून दिव्यासमोर नेला. हे काय?
आमचं आहे, म्हणालो. चिवड्यातलं.
त्याने तो जिभेवर ठेवला. मला थांबवता आलं नाही.
मीठ, म्हणाला. बोटीवरही हेच.
लाटांनी काही होत नाही, मीठ खातं सगळं.
स्प्रे मारला, कापसाने पुसलं, पोट मिटलं.
सापडलं, असं दोघांनाही वाटलं.

खुर्ची ओढून तोही बसला. फेरोच्या दिशेने निघालो.
खाली उत्तर समुद्र, म्हणजे एक निळा रंग,
त्यात फारसं काही नाही.
रात्री काय बोलायचात वायरलेसवर?
दर तासाला बोटीचं नाव आणि ठिकाण.
सांगण्यासारखं काही नसलं तर?
तेव्हाही तेच.
एवढं बोलून तो गप्प. मीही.
विमान आपलं आपण जात होतं.
वीस मिनिटांनी काठीला हात लावला तर
मेलेली.

मग मी सेटिंग्जच्या तळघरात उतरलो,
एका खिडकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत,
आणि अगदी तळाशी एका चौकोनात बरोबरची खूण :
वीज वाचवण्यासाठी
हे उपकरण बंद करण्याची संगणकाला मुभा आहे.

म्हणजे बिघाड नव्हताच.
वीस मिनिटं कोणी हललं नाही,
त्याने मानलं, कोणी नाही,
आणि विजेचं बिल बघून आम्ही घरात करतो तेच केलं.

टेरेन्सने चष्मा कपाळावर चढवून वाचलं. दोनदा.
क्लबच्या संडासातला दिवाही असाच, म्हणाला.
बसल्या बसल्या हात हलवावे लागतात.
आणि इतका हसला
की हर्षदा वरून बघायला आली.

खूण काढली. आता गरज नाही,
तरी अधूनमधून काठी हलवतो, जराशी.
रात्री वरून हाक येते, झोपलास का?
नाही, म्हणतो.
एक अंश डावीकडे, पुन्हा सरळ.
अजून चाळीस मैल पाणी आहे.